समन्वय पूर्ण

— नाही म्हणजे नाही, ताई. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. आत येताना पाटी वाचलीत ना? 'कार्यालयाचे पत्र असल्याशिवाय शिक्का करून मिळणार नाही.' वाचता येतं ना तुम्हाला? येतं. मग? पत्र आहे? नाही. मग मी काय करू — माझ्या मनानं सरकारचे शिक्के पाडत बसू? उद्या कुणीही उठेल, येईल, म्हणेल काका, मला मंत्र्याचा शिक्का द्या, आणि मी देईन? चालतं का असं? नाही चालत. चाळीस वर्षं या टेबलामागे बसलोय, पत्राशिवाय एक शिक्का गेला नाही या दुकानातून — एक नाही. म्हणजे — बरं, ते जाऊ द्या. आणि रडू नका हो. इथे रडायचं नाही. रडायला समोर सात मजली इमारत बांधून ठेवलीये, आत बाकंसुद्धा टाकलीयेत, रांगेनं बसून रडायची सोय आहे. — कोणी पाठवलं तुम्हाला माझ्याकडे? नाही, आधी ते सांगा. लिफ्टवाला? अहो, लिफ्ट दहा वर्षं बंद आहे तिथली! हां, तोच — बंद लिफ्टसमोर स्टूल टाकून बसतो तो. बसतो, कारण लिफ्टवाल्याची जागा मंजूर आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची जागा मंजूर नाही. काय म्हणाला तो? 'समोरच्या शिक्केवाल्या काकांना विचारा, त्यांच्याकडे असेल.' असेल म्हणे! त्याच्या जिभेला काही हाड आहे की नाही?

बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतोय. या स्टुलावर बसा. पाणी घ्या. आणा तो कागद इकडे, नुसता वाचतो. वाचायला काही नियम आडवा येत नाही — अजून तरी. हं. भाऊ. धाकटा का? धाकटा. वय एकोणतीस. हृदयाची झडप, मध्यवर्ती भांडारातून, विशेष मंजुरीनं. म्हणजे झडप तिथे पडून आहे, खोक्यात, नाव घालून ठेवलेली, आणि हा कागद पुरा झाल्याशिवाय भांडारवाले खोक्याला हात लावणार नाहीत. बरोबर? मला माहीत आहे. डॉक्टर काय म्हणाले? शुक्रवार. आज बुधवार. शुक्रवारी झडप बसली नाही तर — बरं, बरं, पुढचं नका सांगू. मला कळलं. त्यातलं मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

इकडे उजेडात धरा. पहिला — 'आवक'. ठीक. दुसरा — 'तपासले'. तिसरा — 'तपासणी योग्य'. चौथा — 'आक्षेप नाही'. पाचवा — 'आक्षेप नसल्याची खात्री केली'. हसलात? हसा, हसा, तेवढं तरी अजून कुठल्या खिडकीवर मंजूर करून घ्यावं लागत नाही. सहा, सात, आठ. आठही माझ्या हातचे आहेत, ताई. हा 'क्ष' बघा, शाईनं पार भरून गेलाय — गादी कधी धूत नाहीत, वर्षानुवर्षं शाईवर शाई ओततात आणि मग मला बोलावून सांगतात, तुमचा शिक्का खराब. आठ शिक्क्यांना किती दिवस लागले? सत्तर? एका माणसाचं काम दोन मिनिटांचं, आठ माणसांचं सोळा मिनिटांचं. सोळा मिनिटांचं काम सत्तर दिवसांत केलं, आणि त्या आठ जणांपैकी प्रत्येकजण घरी जाऊन सांगत असेल की आज मान वर करायला फुरसत नव्हती. आणि खोटं नाही सांगत तो! खरंच नसते फुरसत. तेच तर!

आता नववा. नववा कुठाय? नाही. 'समन्वय पूर्ण' — नाही. दारावर कागद चिकटवलाय ना, कक्ष बंद आहे म्हणून? सहा आठवडे झाले. का बंद आहे ते सांगितलं कुणी? कसं सांगतील, सांगायला तोंड हवं ना. मी सांगतो. कक्षाचे जुने प्रमुख निवृत्त झाले. नवीन नेमायचे. नेमणुकीची फाइल निघाली, आठ शिक्के झाले, नववा राहिला. नववा कुणाचा? समन्वय कक्षाचा. तो कुणी मारायचा? कक्षाच्या प्रमुखानं. आणि प्रमुख कुठे आहेत? फाइलमध्ये! — कळलं? शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली प्रमुखांच्या नावावर, आणि प्रमुखांचं नाव त्या शिक्क्याशिवाय लागत नाही. अकरा माणसं रोज वेळेवर येतात, हजेरीवर सही करतात आणि आतून कडी लावून बसतात — लोक त्रास देतात म्हणून! बाहेर व्हरांड्यात साडेतीनशे कागद थप्पी लावून ठेवलेत. कुणाचं घर, कुणाची नेमणूक, कुणाचा भाऊ. वर दगड ठेवलाय, उडू नयेत म्हणून. तेवढी काळजी घेतात.

आणि सभागृहात विषय निघाला नाही असं समजू नका. निघाला! मी इथे बसून रेडिओवर ऐकला. एक बाजू म्हणते, हा कक्ष मुळात तुम्ही काढलात. दुसरी म्हणते, आम्ही नाही, तुम्ही काढलात. तीन दिवस, ताई — तीन दिवस हे लोक एकमेकांच्या अंगावर धावून गेले, बाक वाजवले, माइक उपटले, कशावरून? कक्ष उघडायचा कसा यावरून नाही — काढला कोणी यावरून! चौथ्या दिवशी कामकाज तहकूब. आणि मी इथे, हा शिक्क्याचा दांडा हातात धरून... हसावं की रेडिओ भिंतीवर आपटावा, कळेना मला. कारण कोणी काढला ते मला — पाणी हवंय का अजून? नको. बरं.

त्याच्या आधीचे सरकारात आले होते, ते आठवतात? 'शिक्के निम्मे करू!' गल्लोगल्ली गाड्या फिरत होत्या, भोंगे लावून. मी मत दिलं त्यांना. शिक्केवाला असून दिलं, म्हटलं धंदा बुडाला तरी चालेल, पण ही रांग एकदा संपू दे. निवडून आले. दुसऱ्या महिन्यात माझ्याकडे पत्र — सुलभीकरण विभाग, सहावा मजला, नवीन शिक्के पुरवावेत, नग सतरा. सतरा! 'सुलभ केले'. 'सुलभीकरणास पात्र नाही'. 'सुलभीकरणाबाबत अभिप्राय प्रलंबित'. मी इथे बसून एकेक साचा दाबत होतो आणि तोंडानं शिव्या घालत होतो, शिव्या अशा की तुमच्यासमोर नाही सांगता यायच्या. पण दाबले. सतराच्या सतरा दिले. पत्र होतं ना!

आणि तो पूल? दवाखान्यात जायला तुम्ही आता लांबून वळसा घालता की नाही? घालताच. पुलावरचा रस्ता एका खात्याकडे, खालचे खांब दुसऱ्याकडे, कठडा तिसऱ्याकडे. खांबाला तडा गेला. रस्तावाले म्हणतात, खांब आमचा नाही. खांबवाले म्हणतात, वरची वाहतूक आमची नाही. आठ वर्षं पूल बंद. कठड्याला मात्र दरवर्षी रंग! हिरवा, पिवळा, हिरवा, पिवळा. कठडावाल्यांचं काम चोख आहे, त्यांना बोल लावता येणार नाही. चोख काम करणारी माणसं सगळीकडे बसलीयेत आणि पलीकडे काही जात नाही.

तुम्ही म्हणाल, सगळे नालायक आहेत, चोर आहेत. नाही हो! तिथेच तर माझं डोकं फिरतं. चोर असते तर धरता आले असते. मी हे सगळे शिक्के एकामागोमाग एक पाहिलेत, कुठला का आला ते मला पाठ आहे. एका बाईची फाइल हरवली, तिचा नवरा कामावर यंत्रात सापडून गेला होता, त्याची फाइल. बाई उन्हात उभी राहून ओरडायची. तेव्हा कुणीतरी भला माणूस म्हणाला, कागद आला की शिक्का मारायचा — 'आवक'. चांगलं केलं की नाही? चांगलं केलं. मग एकानं न वाचता काहीतरी मंजूर केलं, भिंत पडली, माणसं गेली. म्हणून 'तपासले'. मग एकानं न तपासताच 'तपासले' मारलं. म्हणून 'तपासणी योग्य'. प्रत्येक शिक्क्यामागे एक खरी चूक आहे आणि एक शहाणा माणूस आहे. घालणारे सगळे शहाणे! पण काढायचा कुणी? काढला आणि पुन्हा भिंत पडली तर काढणाऱ्याची मान अडकणार. घालणाऱ्याची कधीच अडकत नाही. म्हणून घाला, अजून एक घाला. घर पडू नये म्हणून टेकू द्यावा, मग टेकूला टेकू, आणि एक दिवस घरात नुसते टेकू, माणसांनी झोपायचं कुठे? आणि समोरच्या खिडकीतून हे मला सांगतात, काका, व्यवस्था आहे, व्यवस्थेनं चालावं लागतं. अरे, कुठे चालतीये ती? दाखव ना मला एक पाऊल चाललेली!

— काय बघताय त्या खणाकडे? त्यात काही नाही. जुने खिळे आहेत, अक्षरांचे. बघू नका म्हटलं ना. — बरं. आहे. आहे त्यात. लिफ्टवाल्याला कसं कळलं कोण जाणे. माझ्या मुलानं सांगितलं असेल. मुलगा आणि तो एका वर्गात होते.

आता ऐकलंच आहे तर पुरतं ऐका. 'समन्वय पूर्ण' कुठून आला, माहीत आहे? सरकारातून? सभागृहातून? अहो, या टेबलावरून आला. इथून! आमच्या धंद्यात एक रीत आहे. दुकानाच्या काचेत नमुने ठेवायचे — लहान अक्षर, मोठं अक्षर, गोल, चौकोनी — पण नमुन्यावर खऱ्या कार्यालयाचा मजकूर कधी घालायचा नाही. कुणी उचलून नेला तर? म्हणून नमुन्यावर असे शब्द घालायचे जे कुठल्याच कार्यालयात नाहीत. वडिलांनी शिकवलेलं. आणि दुसरी रीत — आपण शिक्का करायचा, मारायचा नाही. पहिला ठसा रद्दीवर बघायचा, ती रद्दी तिथल्या तिथे फाडायची. दुसऱ्याच्या कागदावर शिक्केवाल्याचा हात पडता कामा नये. वडील गेले तोवर त्यांचा पडला नाही, माझाही पडलेला नाही. तर — बावीस वर्षांपूर्वी काचेसाठी नवा नमुना करायचा होता. बायको इथेच बसली होती, पेपर वाचत. मी म्हटलं, एक शब्द सांग ग, वजनदार हवा, अर्थ नसला तरी चालेल. तिनं कुठल्याशा पुढाऱ्याचं भाषण वाचून बघितलं आणि म्हणाली, समन्वय घे. म्हटलं, समन्वयाचं काय? म्हणाली, समन्वय पूर्ण! आणि जी हसत सुटली, पेपर तोंडावर धरून... कशाचा ते विचारू नका म्हणाली, कशाचा ते त्या पुढाऱ्यालाही माहीत नाही.

मी केला. छान झाला, अक्षर गोल, खुलं. काचेत ठेवला. वर्ष संपता संपता समोरून एक कारकून आला, चष्मेवाले भाऊसाहेब म्हणायचो आम्ही त्यांना, भला माणूस. पत्र घेऊन आला — शिक्के, नग दहा. मी मजकूर मोजले तर नऊ. म्हटलं, भाऊसाहेब, नऊच आहेत. तो म्हणाला, पत्रात दहा आहेत, दहा न्यावेच लागतील, पत्र दुरुस्त करून आणायचं तर तीन महिने जातील. म्हटलं, मग दहावा कुठला देऊ? त्यानं इकडे तिकडे पाहिलं, काचेतला तो नमुना दिसला. हा द्या, म्हणाला, आकडा तर भरेल. मी दिला. का नाही द्यायचा? पत्र दहाचं होतं, मी दहा दिले. नियमात बसत होतं, ताई! अगदी चोख बसत होतं. काच रिकामी दिसायला लागली म्हणून त्याच साच्यातून दुसरा काढून ठेवला.

पुढे? पुढे भाऊसाहेबांची बदली झाली. नवा कारकून आला. टेबलावर दहा शिक्के. त्याला काय माहीत, त्यानं दहाही मारले. पुढच्या खिडकीनं पाहिलं — या फाइलवर समन्वय पूर्ण आहे, त्या फाइलवर नाही. ज्यावर नाही त्या परत पाठवा! झालं. वर्षभरात परिपत्रक. तीन वर्षांत कक्ष. पितळी पाटी, प्रमुख, अकरा माणसं, प्रमुखांना गाडी. सही लागत नाही, कारण सही कुणी करायची यावर अजून एकमत नाही. नुसता शिक्का मारला की झालं. कशाचा समन्वय? बावीस वर्षांत एका माणसानं विचारलं नाही. आणि मी काय केलं? काचेतला दुसरा काढला आणि या खणात टाकला. कारण आता तो खऱ्या कार्यालयाचा मजकूर झाला होता — रीतीप्रमाणे काचेत ठेवता येईना! बघा, माणूस किती नियमाचा.

सांगायला हवं होतं मी. नुसता रस्ता ओलांडायचा, आत जायचं, म्हणायचं, साहेब, तो नमुना आहे हो, आमच्या हिनं गंमत केली होती. नाही गेलो. का? घाबरलो. म्हणजे — कुणी विचारलं तर घाबरलो असंच सांगतो मी. खरं सांगू? बरं वाटत होतं. दारात बसून मान वर करायची, तिसऱ्या मजल्यावरची ती पाटी बघायची, आणि मनात म्हणायचं, ती माझी. चाळीस वर्षं लोकांचे शब्द कोरणाऱ्या माणसाचा एक शब्द तिथे लागलाय. हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला का सांगतोय, कळत नाही. हा कागद माझ्यासमोरून हलवा जरा.

सात वर्षांपूर्वी हिला धाप लागायला लागली. झडप. हेच भांडार, हाच कागद. आठ शिक्के झाले, नववा राहिला. आणि कक्ष तेव्हा उघडा होता हो! प्रमुख जागेवर होते, अकराच्या अकरा जागेवर. पण त्यांना कळेना की या फाइलमध्ये समन्वय कुणाचा कुणाशी करायचा. म्हणून पत्र धाडलं — 'समन्वयाचे स्वरूप स्पष्ट करावे.' कुणाला? आम्हाला! मी लिहून दिलं. त्याला उत्तर आलं, स्पष्टीकरण पुरेसं नाही. चार महिने मी तिसऱ्या मजल्यावर रांगेत उभा राहिलो. जिना चढून, लिफ्ट बंद म्हणून. संध्याकाळी दवाखान्यात गेलो की ही उशीवर मान वळवायची आणि विचारायची, 'लागला का हो आपला शिक्का?' आपला म्हणायची. हसायची. हसताना धाप लागायची तरी हसायची. मी म्हणायचो, लागेल ग, साहेबांनी सांगितलंय, दोन-चार दिवसांत होईल. खोटं नव्हतो सांगत. मला वाटायचं होईल. माझा विश्वास होता त्यांच्यावर, ताई — ज्यांना मीच फसवून बसवलं होतं त्यांच्यावर!

एक दिवस दुपारी मुलगा आला. तुम्ही बसलात तिथेच उभा होता. आईचा कागद हातात. म्हणाला, बाबा, खणात आहे ना तो? मी म्हटलं, आपण शिक्का मारत नाही. म्हणाला, बाबा, आई आहे ती. म्हटलं, फाइल वर आहे, टेबलावर आहे, मध्येच असं काही केलं तर सगळीच अडकेल, पुन्हा पहिल्यापासून... बोलत राहिलो. त्या खिडकीतल्या माणसासारखाच बोलत राहिलो मी, तोच आवाज, तेच हात हलवणं. त्यानं खण ओढला आणि हात घातला. आणि मी — मी खण ढकलला. जोरात. त्याची बोटं आत होती. तीस वर्षांचा मुलगा, 'आई ग' सुद्धा केलं नाही त्यानं. मग बोटं सोडवून घेतली, कागद इथे टेबलावर ठेवला आणि निघून गेला. ही गेली त्यानंतर नऊ दिवसांनी. आता तो दुसऱ्या गावाला असतो. मावशीला फोन करतो. बाबा गोळ्या घेतात का, हे तिला विचारतो. मला नाही विचारत. सात वर्षं.

आणि फाइल आली! आली हो, नाही कशी येणार? ही गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. नऊच्या नऊ. नववा मधोमध, सरळ, एक अक्षर फुटलेलं नाही. आणि मी काय केलं असेल, सांगा बघू? रडलो? फाडली? नाही. उजेडात धरली आणि ठसा बघितला. चांगला उमटलाय, म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, घरात कुणी नसताना. असा माणूस आहे मी. समोरच्या सात मजल्यांवर दात खातो, रेडिओला शिव्या घालतो, कठडावाल्यांना हसतो — आणि त्यांचा आठवा मजला मीच आहे की नाही? बोला ना! नका बोलू. तुमच्या जागी मी असतो तर एव्हाना हा स्टूल उचलून माझ्या डोक्यात घातला असता.

द्या. द्या इकडे तो कागद, देताय की नाही? — नाही, नाही, हात काढा, तुम्ही नाही मारायचा. तुमच्या हाताला सवय नाही, तिरका पडेल, तिरका पडला की भांडारवाले शंका काढतात. माझ्याही हाताला सवय नाही म्हणा. हजारो केले, एक मारला नाही. — कुणी विचारलं कुठे मारून घेतला, तर सांगायचं, समन्वय कक्षात. ते नाही म्हणणार नाहीत. नाही म्हणायचं तर सहा आठवडे आम्ही कुणाचंच काही केलं नाही, हे लिहून द्यावं लागेल त्यांना, आणि ते लिहून द्यायला नऊ शिक्के लागतात. आणि नसेल खोटं बोलवत तर माझं नाव सांगा. खरंच सांगा. शिक्केवाल्यानं मारला म्हणावं, त्याच्या दुकानात, त्याच्या टेबलावर. येऊ देत. बावीस वर्षं वाट बघतोय मी की कुणीतरी एक माणूस रस्ता ओलांडून येईल आणि मला विचारेल.

थांबा, गादी ओली करू दे. जास्त नको, अक्षरं भरतात. कोपरा धरून ठेव, पोरी, कागद हलायला नको. आठव्याच्या खाली, इथे.

— झाला.

झाला? एवढंच? आवाजसुद्धा आला नाही नीट. अगं, मी समजत होतो की... काय समजत होतो मी? एवढंच होतं ते. उचलायचा आणि टेकवायचा. तिचा कागद इथे होता, इथेच, तुझा आहे तिथे, आणि मला एवढंच करायचं होतं.

नको, पाणी नको मला. खांदा सोड. शाई ओली आहे, घडी घालू नको, असाच उघडा धर, वाऱ्यानं वाळेल. पूल बंद आहे, रिक्षावाल्याला आधीच सांग वळशानं घे म्हणून. भांडार पाचला बंद होतं, आणि पाच म्हणजे ते पावणेपाचलाच खिडकी लावतात. — बसलीस काय परत? माझ्याकडे काय बघतेस? तो तिकडे पडलाय ना! जा. जा म्हणतो ना, ऊठ! आणि दार ओढून घे जाताना.